माती नेलीत, निकालही द्या

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात आणि अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठात दरवर्षी शेकडो प्रबंध जमा होतात. आधी सिनॉप्सिस, मग दोन-तीन वर्षांचे प्रयोग, गाईडच्या सह्या, बाइंडिंगवाल्याकडच्या चकरा, सोनेरी अक्षरांचा पुठ्ठा, व्हायवा आणि पेढे. एक प्रत लायब्ररीत जाते, एक विभागाच्या कपाटात, एक गाईडकडे राहते आणि एक घरच्या शोकेसमध्ये. ज्या वावरातून मातीचे नमुने नेले, ज्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेलं, ज्या बाईला ओट्यावर तासभर बसवून प्रश्न विचारले, तिथं मात्र काहीच परत जात नाही. ही रीत मोडावी म्हणून हे आवाहन. ते संशोधक विद्यार्थ्यांना आहे, त्यांच्या गाईडना आहे आणि त्याहून जास्त तुम्हा-आम्हा साध्या वाचकांना आहे. आपण मागितल्याशिवाय हे होणार नाही, अशी माझी खात्री आहे.

मागण्याचा हक्क कुठून आला, ते आधी सांगतो. कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ ला सुरू झालं, अमरावतीचं विद्यापीठ १ मे १९८३ ला. दोन्ही सार्वजनिक. प्राध्यापकांचे पगार, फेलोशिप, प्रयोगशाळेतली यंत्रं, संशोधन केंद्रांच्या जमिनी, या सगळ्यांत आपला कर आहे. तेव्हा निकाल बघायला मागणं म्हणजे कुणाकडे मेहेरबानी मागणं नव्हे.

आता नेमकं काय हरवतं ते बघू. कृषी शाखेचा एखादा प्रबंध उघडा आणि उत्पादनाच्या तक्त्याशी थांबा. समजा आठ उपचार आहेत, टी-१ ते टी-८, आणि प्रत्येकाच्या तीन पुनरावृत्त्या. म्हणजे चोवीस वाफे. विद्यार्थ्याने प्रत्येक वाफ्याचं पीक वेगळं कापलं, वेगळं मळलं, काट्यावर तोललं आणि फील्ड बुकात पेन्सिलीने लिहिलं. उन्हातान्हाचं, घामाचं काम ते. पण प्रबंधात छापले जातात आठच आकडे, प्रत्येक उपचाराची सरासरी, हेक्टरी किलोत. खाली एक ओळ प्रमाण त्रुटीची आणि एक ओळ ‘सीडी’ची, म्हणजे दोन उपचारांत किती फरक पडला तर तो खरा मानायचा त्याची. मूळ चोवीस आकडे फील्ड बुकातच राहतात. नोकरी लागली, खोली बदलली की फील्ड बुक रद्दीत जातं.

सरासरी छापली ना, मग काय बिघडलं? बिघडतं ते असं. एका प्रयोगात फरक ‘नॉन-सिग्निफिकंट’ आला म्हणून तो विषय मागे पडतो. तसाच प्रयोग दुसऱ्या वर्षी अमरावतीत झालेला असतो, तिसऱ्या वर्षी यवतमाळात, आणि प्रत्येक ठिकाणी फरक थोडा थोडा, पण एकाच बाजूला झुकलेला असतो. या सगळ्या प्रयोगांचे वाफेनिहाय आकडे एकत्र मांडले तर ठाम उत्तर निघू शकतं. नुसत्या सरासऱ्यांवरून ते नीट निघत नाही. एखादा वाफा पाणी साचून गेला होता का, एखाद्या रांगेत मर जास्त होती का, हे सरासरीत दिसतच नाही. आणि ज्या प्रयोगात काहीच फरक सापडला नाही तो तर बहुधा कुठल्या जर्नलमध्येही छापला जात नाही. मग पाच वर्षांनी दुसरा विद्यार्थी तोच प्रयोग पुन्हा करतो, पुन्हा बियाणं, पुन्हा मजुरी, पुन्हा फेलोशिप. यात कुणाचा कामचुकारपणा नाही. आकडे सांभाळायचे असतात हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

खारपाणपट्ट्यात याचे चटके जास्त बसतात. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे पावणेपाच लाख हेक्टरांवर हा पट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर इकडच्या माणसाला तो समजावून सांगायला नको. वर खोल, चिकट काळी जमीन आणि खाली खारं पाणी. विहीर खोदली तरी ते पाणी पिकाला देववत नाही. दिलं तर त्यातल्या सोडियममुळे मातीचे कण विखुरतात, जमीन घट्ट होते, पाणी मुरत नाही, निचरा थांबतो. जिप्सम किती टाकावं, शेततळ्यातलं पाणी पिकाला कधी द्यावं, हिरवळीच्या खताने सामू किती उतरतो, कोणतं पीक तग धरतं, यावर अकोल्यात अनेक वर्षं प्रयोग झाले आहेत. ते काम मोलाचं आहे.

पण समजा दर्यापूर तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याला बघायचं आहे, की आपल्या गावच्या विहिरींचं पाणी तीस वर्षांपूर्वी किती खारं होतं. कुणीतरी ते मोजलेलं असण्याची शक्यता चांगली आहे. प्रबंधाच्या परिशिष्टात तो तक्ता असेलही. पण पान फोटोसारखं स्कॅन केलेलं, त्यामुळे शोधात येत नाही. गावाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग मनाला येईल तसं. विहिरीचा गट नंबर नाही. नमुना एप्रिलमध्ये घेतला की दिवाळीनंतर, त्याची नोंद नाही. एकाच विहिरीचं उन्हाळ्यातलं पाणी आणि पावसाळ्यानंतरचं पाणी यांत किती फरक असतो, हे त्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल. महिना लिहिलेला नसेल तर तो आकडा आजच्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही. २०१८ पासून राबवल्या गेलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने खारपाणपट्ट्यातली गावं घेतली आणि आयआयटी मुंबईच्या मदतीने गावपातळीवर पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत बसवली. अशा कामाला मागच्या चाळीस वर्षांचे आकडे गट नंबरासह, महिन्यासह हाती आले, तर ताळेबंदाला इतिहासाची जोड मिळेल. आत्ता ती फार थोड्या ठिकाणी मिळते.

सोयाबीनवाल्यांना हे लगेच पटेल. अमरावतीच्या प्रादेशिक संशोधन केंद्रातून निघालेलं सुवर्ण सोया, पीडीकेव्ही यलो गोल्ड किंवा पीडीकेव्ही अंबा तुम्ही एकदा आणलंत की पुढच्या हंगामासाठी घरचं बियाणं धरू शकता. सरळ वाण आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याचं ३९ वं कलम शेतकऱ्याला बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, दुसऱ्याला देण्याचा आणि ब्रँडचं नाव न लावता विकण्याचाही हक्क देतं. मे महिन्यात आपण ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडतो, किती उगवले ते मोजतो, आणि मगच शेजाऱ्याला थैली देतो. थैलीवर वाणाचं नाव नसेल, कोणत्या सालचं ते लिहिलेलं नसेल, तर शेजारी ती घेतच नाही. संशोधनाच्या आकड्यांनाही हाच नियम लावा, एवढंच माझं म्हणणं आहे. नाव, साल, जागा, एकक आणि पुढे वापरायची परवानगी. या पाच गोष्टींवाचून दिलेली माहिती दिल्यासारखी होत नाही.

जागा आणि साल खोटं लिहिलं तर काय होतं, त्याची एक खरी गोष्ट आहे आणि ती मेळघाटापर्यंत येते. रानपिंगळा हा लहानसा घुबडाच्या कुळातला पक्षी. ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली त्याचं वर्णन केलं. त्यानंतर जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे जेमतेम सात नमुने जमले. त्यांतला शेवटचा खरा नमुना १८८४ सालचा, आपल्या शेजारच्या खानदेशातला. पण एका नमुन्यावर चिठ्ठी होती १९१४ सालची आणि गुजरातेतल्या मांडवीची. चिठ्ठी लावणारा रिचर्ड माइनर्ट्झहागेन हा त्या काळचा बडा पक्षीतज्ज्ञ, म्हणून कुणी शंका घेतली नाही. पुढे पक्षी शोधणाऱ्यांची दिशाच चुकली आणि रानपिंगळा नामशेष झाला असावा असं मानलं गेलं. १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने एकमेकांशेजारी ठेवून तपासले. तो १९१४ चा नमुना मुळात दुसऱ्याने गोळा केलेला, संग्रहालयातून चोरलेला आणि नव्याने भरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. खोटी चिठ्ठी बाजूला केल्यावर उरलेल्या खऱ्या चिठ्ठ्यांनी वाट दाखवली. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या सहकाऱ्यांसह शहाद्याजवळच्या जंगलात गेल्या आणि ११३ वर्षांनी रानपिंगळा पुन्हा दिसला. नंतर तो मेळघाटातही सापडला आणि आज त्याच्या मोठ्या आधारस्थानांत मेळघाटाची गणना होते.

या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हा, की नमुने आणि त्यांवरच्या चिठ्ठ्या शंभर वर्षांनी एका तिऱ्हाईत संशोधिकेला उघडून बघता आल्या. ते नमुने कुणाच्या खासगी कपाटात कुलूपबंद असते तर खोटेपणा उघडा पडला नसता आणि पक्षीही सापडला नसता. आपला डेटा दुसऱ्याने तपासावा याची भीती बाळगणाऱ्या प्रत्येक गाईडने ही गोष्ट एकदा नीट वाचावी.

आता पैशाकडे येतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ ला ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स, ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षण आणि संशोधन संस्था. १ जानेवारी २०२५ पासून ती सुरूही झाली. सरकारी कॉलेजातल्या विद्यार्थ्याला आता परदेशी जर्नल वाचायला मिळतं, हे चांगलंच झालं. पण ही योजना संस्थेच्या फाटकाच्या आत चालते. अचलपूरचा शिक्षक, मोर्शीचा संत्रा बागायतदार, अकोटचा पत्रकार हे तिच्या बाहेरच आहेत. शिवाय ती दुसऱ्यांचं वाचण्याची सोय आहे, आपलं जगापुढे उघडं करण्याची नव्हे. त्यासाठीची धोरणं आधीपासून कागदावर आहेत. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०१३ साली आणि केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान व जैवतंत्रज्ञान विभागांनी २०१४ साली सांगून ठेवलं आहे, की आमच्या पैशातून झालेल्या कामाची प्रत खुल्या संग्रहात ठेवा. पाळणारे थोडे, विचारणारे त्याहून थोडे.

‘खुलं छापायचं तर लाखो रुपये लागतात’ असं विद्यार्थी सांगतात. अर्धं खरं आहे ते. ‘नेचर’ने २०२१ पासून खुल्या लेखासाठी ९,५०० युरो आकारायला सुरुवात केली. तेवढे पैसे वऱ्हाडातला विद्यार्थी कुठून आणणार? आणू नयेच, असं माझं मत आहे. लेख स्वीकारला गेल्यावर आपण पाठवलेली शेवटची, प्रकाशकाने सजवण्यापूर्वीची प्रत बहुतेक जर्नल्स लेखकाला संस्थेच्या संग्रहात ठेवू देतात, काही लगेच, काही सहा महिने किंवा वर्ष उलटल्यावर. याला एक पैसाही लागत नाही. जर्नलच्या नियमावलीत हे लिहिलेलं असतं, ते वाचा. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची स्वतःची जर्नल्स तर कुणालाही फुकट वाचता येतात. आणि ‘तीन दिवसांत पब्लिकेशन, फक्त अमुक हजार’ असा मेल आला तर तो तिथल्या तिथे डिलीट करा. यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य जर्नल्सची आपली केअर यादी बंद केली, त्यामुळे चांगलं-वाईट पारखण्याची जबाबदारी आता तुमच्यावर आणि तुमच्या कॉलेजवर आली आहे. पैसे घेऊन काहीही छापणारं जर्नल खुलं असतं, पण तिथे गेलेल्या चांगल्या कामावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांना मला वेगळं आणि कळकळीने सांगायचं आहे. साहित्य, इतिहास, समाजशास्त्र, लोककला, वऱ्हाडी बोली या विषयांवर अमरावतीत उत्तम काम झालं आहे. पण त्यातला मोठा भाग श्रीलिपी, कृतिदेव किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेला आहे. पडद्यावर मराठी अक्षरं दिसतात, कॉपी करून बघितलं तर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा घोळ. शोधयंत्राला तो घोळच दिसतो. म्हणजे ‘गाडगे महाराज’ असं शोधलं तर गाडगे महाराजांवरचा दोनशे पानांचा प्रबंध सापडणार नाही. तो इंटरनेटवर आहे आणि नाहीसुद्धा. उपाय साधा आहे. युनिकोडमध्ये टाइप करा, आणि डीटीपीवाल्याने जुन्या फॉन्टचा आग्रह धरला तर डीटीपीवाला बदला. ज्यांचे प्रबंध आधीच जुन्या फॉन्टमध्ये आहेत त्यांनी मूळ फाइल शोधून ठेवावी. फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात. एक-दोन दिवस बसून जोडाक्षरं तपासावी लागतात, बस. फाइल हरवली तर मात्र पुन्हा अख्खं टाइप करावं लागेल.

कृषी विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते पंजाबराव देशमुख एडिनबर्ग विद्यापीठात शिकले होते. त्या विद्यापीठाने आपल्या जुन्या प्रबंधांचा फार मोठा साठा स्कॅन करून जगासाठी उघडा केला आहे. आपल्याकडे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘शोधगंगा’ आहे आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतून चालणारा ‘कृषिकोश’ आहे. शोधगंगेवर देशभरचे लाखो पीएच.डी. प्रबंध आहेत, अमरावती विद्यापीठाचेही. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. कृषिकोशावर अकोल्याचे प्रबंध मिळतात, एम.एस्सी.चेसुद्धा, काहींवर ठरावीक मुदतीचं बंधन असतं. मोबाइलवर उघडतं. घरात कृषी पदविकेला किंवा बी.एस्सी.ला शिकणारं पोर असेल तर त्याच्याकडून एकदा शोधून घ्या. शोधताना पिकाचं नाव इंग्रजीत घाला, तालुक्याचं घाला आणि स्पेलिंगं बदलून बदलून बघा. इंग्रजांच्या काळातल्या कागदांत अमरावती ‘अमराओती’ म्हणून सापडते आणि वऱ्हाड ‘बेरार’ म्हणून.

स्पेलिंगचा हा घोळ माणसांच्या नावांतही आहे. देशमुख, ठाकरे, वानखडे, राऊत या आडनावांचे आणि एकाच आद्याक्षराचे किती संशोधक अकोला-अमरावतीत असतील याची कल्पना करा. शिवाय वानखडेंचं कुणी वानखेडे लिहितं. एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर जातं. ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक संशोधकाला फुकट मिळतो. पहिल्या वर्षीच घ्या आणि प्रत्येक लेखावर लिहा. पुढे लग्नानंतर नाव बदललं तरी काम तुमच्याच खात्यावर राहतं. मुलींनी तर तो घ्यायलाच हवा.

मग वाफेनिहाय आकडे ठेवायचे कुठे? कॉलेजचा संग्रह असेल तर तिथे. नसेल तर झेनोडोवर. युरोपातली सर्न ही अणुसंशोधन संस्था तो २०१३ पासून चालवते. कुणालाही फुकट खातं उघडता येतं आणि प्रत्येक फाइलला डीओआय हा कायमचा क्रमांक मिळतो. फाइल पीडीएफ नको, साधी एक्सेल किंवा सीएसव्ही ठेवा. एका ओळीत एक वाफा. प्रत्येक रकान्याला नाव आणि एकक. जिथे मोजलंच नाही तिथे शून्य टाकू नका, रिकामं सोडा. शून्य क्विंटल पिकलं आणि मोजायचं राहिलं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सोबत एका पानावर लिहा: गाव, तालुका, मातीचा प्रकार, वाण, पेरणीची तारीख, पाऊस. महसूल मंडळाचा पाऊस राज्य सरकारच्या महारेन संकेतस्थळावर मिळतो, तो तिथून उचला. शेवटी परवानगीची एक ओळ. ती नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुमचं लिखाण तुमच्या मृत्यूनंतर साठ वर्षं बंदिस्त राहतं आणि सज्जन माणूस ते वापरायला कचरतो. क्रिएटिव्ह कॉमन्सचं ‘श्रेय द्या आणि वापरा’ हे लायसन्स पुरेसं आहे. पेटंट घ्यायचं असेल, लेख अजून छापायचा असेल, तर तोवर थांबा. त्यात गैर काही नाही.

‘आमचे आकडे कुणी चोरले तर?’ हा प्रश्न दर वेळी येतो. तारीख-वार आणि कायमचा क्रमांक असलेली नोंद हाच चोरीविरुद्धचा पुरावा आहे. कपाटातल्या फील्ड बुकाला तो नसतो. जानेवारी २०२० मध्ये झांग योंगझेन यांच्या गटाने कोरोना विषाणूचा जनुकीय आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. त्यावरून जगभर चाचण्या आणि लशी तयार व्हायला लागल्या, आणि पहिल्या आराखड्याचं श्रेय त्या गटाकडेच राहिलं.

सगळंच उघडं करा, असं मात्र मी म्हणणार नाही. ज्या शेतकऱ्यांची मुलाखत घेतली त्यांची नावं, मोबाइल नंबर, कर्जाचे आकडे, घरातल्या आत्महत्येचा तपशील हे फाइलीतून काढल्याशिवाय ती कुठेही टाकू नये. वऱ्हाडात असे विषय पुष्कळ आहेत आणि गाव लहान असलं की नाव काढूनही माणूस ओळखू येतो. तिथे गावाऐवजी तालुका लिहावा. रानपिंगळ्याच्या घरट्याची किंवा वाघिणीच्या गुहेची नेमकी जागा जाहीर करू नये. पक्षीनोंदींच्या ईबर्ड संकेतस्थळावर संवेदनशील पक्ष्यांच्या जागा झाकण्याची सोय त्यासाठीच केलेली आहे. मेळघाटातल्या कोरकू वैदूंनी सांगितलेली औषधी वनस्पती ही तर त्यांची ठेव. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या आहेत. आधी त्यांना विचारा, त्यांच्या अटी लिहून घ्या, मग काय छापायचं ते ठरवा. कोरकूंचं ज्ञान न विचारता खुलं करणं आणि सरकारी पैशातले आकडे कपाटात दडवणं, दोन्ही मला सारखंच गैर वाटतं.

गाईड मंडळींना एक विनंती. तुमच्या हाती सही आहे. वाफेनिहाय आकड्यांची फाइल आणि दोन पानी मराठी सारांश हातात आल्याशिवाय प्रबंधावर सही करू नका. सारांशात हेक्टरी किलोऐवजी एकरी क्विंटल लिहायला लावा, आपल्याकडे हिशेब एकरातच होतो. ज्या गावात काम झालं त्या ग्रामपंचायतीला एक प्रत जाऊ द्या, एक जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला. अमरावती जिल्ह्यात दुर्गापूर आणि घातखेड अशी दोन आहेत. विद्यापीठाचा ठराव होईपर्यंत थांबायचं कारण नाही. एका विभागाने ठरवलं तरी पुढच्या बॅचपासून सुरू होतं.

तुम्ही संशोधक नसाल, गाईड नसाल, तरी तुमचं काम उरतंच. एखाद्या लेखाचं नाव वर्तमानपत्रात वाचलं आणि तो पैशाच्या कुलपामागे असला, तर लेखकाला ईमेल करा. पत्ता बहुधा लेखाच्या माहितीच्या पानावर असतो आणि ते पान फुकट दिसतं. तीन ओळी पुरतात: मी अमुक गावचा, मला हे या कामासाठी हवं आहे, प्रत मिळेल का. बरेच संशोधक आनंदाने पाठवतात. आपलं काम कुणी मागतंय याचं त्यांना अप्रूप असतं. कॉलेजात मुलगा-मुलगी प्रबंध लिहीत असेल तर ‘झालं का?’ एवढंच विचारू नका, ‘आकडे कुठे ठेवलेस?’ हेही विचारा.

आणि कृषी विद्यापीठाकडे एक मागणी आहे, ती सगळ्यांनी मिळून करू या. अकोल्यात विद्यापीठाची शिवार फेरी भरते. हजारो शेतकरी येतात, प्रात्यक्षिकाच्या प्लॉटमधून फिरतात, पाटीवरचं वाणाचं नाव मोबाइलवर टिपून घेतात. त्या प्रत्येक पाटीवर एक क्यूआर कोड लावावा. तो उघडला की त्या वाणाचे, त्या प्रयोगाचे मागच्या सर्व वर्षांचे आकडे मराठीत दिसावेत: कुठे घेतलं, किती पावसात, एकरी किती पिकलं, कुठे फसलं. फसलेलं तर जरूर दिसावं. याला नवी इमारत लागत नाही, नवं पद लागत नाही. या वर्षी फेरीला जाल तेव्हा अभिप्रायाच्या वहीत ही मागणी आपल्या नाव-गावासह लिहून या.